तेलाचा काटा

निजामी अमलात अप्पाराव वकिलांची बहस ऐकायला परभणीच्या कोर्टात ज्यांचा मुकदमा नाही अशी माणसंही येऊन बसायची. उर्दू अशी, की मुन्सफसाहेब कलम खाली ठेवायचे. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, आणि कोर्टाची जबान हळूहळू इंग्रजी-मराठीकडे वळली. अप्पारावांची मराठी घरात बोलण्यापुरती, इंग्रजी वाचण्यापुरती. भर बहसमध्ये शब्द अडायचा. ते शब्द शोधत उभे राहायचे आणि समोरचा कालपरवाचा वकील तेवढ्यात आपलं म्हणणं मांडून मोकळा व्हायचा.

कावेरीबाईंना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना ते नवऱ्याच्या चालण्यातून कळलं. पूर्वी कोर्टातून येताना ते दारातूनच हाक मारायचे. आता शेरवानी खुंटीला लावून ओसरीवर बसत, आणि जेवायला वाढलंय म्हणून बोलवायला जावं तर नुसतं मानेनं हो म्हणत. घरात दोघंच. लेक लग्न होऊन औरंगाबादेस गेलेली. दिवस दिवस बोलणं व्हायचं नाही.

अशात ती मोटार आली.

जहागीरदाराच्या देवडीत ती पत्र्याखाली पडून होती. जहागीरदार वारले, बेगम मुलांना घेऊन हैदराबादेस कायमच्या निघाल्या. त्यांच्या वारसाचा झगडा अप्पारावांनी मिटवला होता. जाताना त्या पडद्याआडून म्हणाल्या, "वकीलसाहेब, ही घेऊन जा. इथं कोंबड्या बसायल्या तिच्यावर."

इंग्रजी गाडी होती ती, शर्यतीच्या जातीची. नाक लांबलचक, टप नाही, जेमतेम दोन माणसांची जागा. जिनिंगच्या कारखान्यातल्या इंजिनावर काम करणारा बन्सीधर मिस्त्री सुट्टीच्या दिवशी यायचा. त्यानं आणि अप्पारावांनी मिळून ती सगळी उघडली, पुसली, जोडली. ज्या दिवशी इंजिन सुरू झालं त्या दिवशी गल्लीतल्या शेळ्या दोर तोडून पळाल्या, आणि चाळिशी उलटलेले अप्पाराव पोरासारखे हसले. ते हसणं पाहून कावेरीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कोर्टात जे गेलं ते या माणसाला इथं सापडलं, हे त्यांना तिथंच उमगलं.

दर रविवारी उजाडताच ते जिंतूरच्या रस्त्याला लागायचे. झरी मागं टाकायची, बोरी मागं टाकायची, जिंतूरच्या वेशीला वळसा घालून परत. रस्ता खडीचा, दोन्ही अंगांना ज्वारी आणि कापूस. पहिले एक-दोन रविवार ते एकटेच गेले. मग एके सकाळी म्हणाले, "तू चल. मला तुझं काम हाय."

कावेरीबाईंनी लुगड्यावर जुनी शाल घेतली, पदर कानामागून घट्ट बांधला आणि डाव्या अंगाला बसल्या. त्यांच्या गुडघ्यापाशी, समोरच्या फळीच्या अगदी खालच्या बाजूला एक छोटी तबकडी होती. जहागीरदार शर्यतीला जायचे तेव्हा शेजारी मिस्त्री बसायचा. त्याच्यासाठी ती तिथं बसवलेली. चालवणाऱ्याला वाकल्याशिवाय दिसायची नाही.

"हा तेलाचा काटा," अप्पाराव म्हणाले. "इंजिनातलं तेल किती तापलं ते दाखवतो. पाणी तापलं तर वाफ निघती, माणसाला दिसतं. तेल गपचूप तापतं. तापलं की पातळ होतं, अन् पातळ झालं की लोखंडाला लोखंड घासायला लागतं. मग खेळ खतम."

"म्हंजे तुपासारखं," कावेरीबाई म्हणाल्या. "थिजलेलं बोटाला चिकटतं. कढवलेलं थांबतच न्हाई."

अप्पारावांनी त्यांच्याकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांत असं पाहिलं नव्हतं. "बरोबर. अगदी तसंच. दाबाचाबी एक काटा हाय इकडं, पण तो अडकलेला. बन्सीधरनं लय खटपट केली, हलत न्हाई. म्हणून सगळी भिस्त तुझ्यावर. दोनशेच्या खाली असंल तर बोलू नको. दोनशे झाले की सांग. दोनशे वीस झाले की ओरड."

"ओरडल्यावर?"

"मी पाय काढतो. दोन-तीन मैल बैलगाडीसारखी न्यायची. तापलेलं इंजिन एकदम बंदबी करायचं न्हाई. आपोआप निवू द्यायचं."

अशा रीतीनं कावेरीबाईंना मोटारीत काम मिळालं. वाऱ्यानं डोळे झोंबायचे, खडी तळाला तडतडायची, पण त्यांची नजर तबकडीवर असायची. मधूनच नवरा विचारायचा, "किती?" त्या सांगायच्या, "एकशे सत्तर." घरात दिवसभरात जेवढं बोलणं व्हायचं नाही तेवढं त्या रस्त्यावर व्हायचं. भय वाटायचं, पण रविवारची वाटही पाहिली जायची.

भय वाढत गेलं ते वेगाबरोबर. अप्पाराव दर खेपेला थोडं जास्त पळवायचे. कावेरीबाई म्हणायच्या, "जरा सावकाश." ते ऐकायचे नाहीत. पुन्हा म्हणायच्या, "अहो, सावकाश चला ना." ते हसायचे आणि पाय अजून दाबायचे.

भाद्रपदातला एक रविवार. बोरीच्या पुढच्या वळणावर मेंढरांचा कळप अर्धा रस्ता अडवून उतरत होता. मोटार वळणातून बाहेर आली तेव्हा मेंढरं हाताच्या अंतरावर होती. धनगरानं काठी आडवी धरून एक कोकरू अक्षरशः खेचलं. मोटार कडेच्या मातीवरून घसरली, सावरली, निघून गेली. मागून शिव्या ऐकू आल्या. अप्पारावांचा वेग तसूभर कमी झाला नव्हता. पुढं दुसरं वळण दिसत होतं.

कावेरीबाईंनी समोरची फळी घट्ट धरली. सावकाश म्हणून उपयोग नव्हता, ते त्यांना ठाऊक होतं. त्या ओरडल्या, "दोनशे वीस!"

अप्पारावांनी झटक्यात पाय उचलला. मोटार मवाळ झाली, रडतखडत चालायला लागली. वळण शांतपणे पार पडलं.

काटा एकशे पंच्याऐंशीवर होता.

कावेरीबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. परतीच्या वाटेवर नवरा सारखा विचारत होता, "एकदम चढला का? आवाज तर साफ होता." आणि त्या म्हणत होत्या, "एकदमच चढला."

त्या दिवसापासून त्यांना किल्ली सापडली. बायकोचा शब्द जिथं चालत नव्हता तिथं काट्याचा चालत होता. वेग फार झाला, पुढं बैलगाडी दिसली, शाळेची पोरं रस्त्याला आली, की त्या काट्यात वीस-तीस घालून सांगायच्या. मोटार मंदावायची. जिंतूरला थांबेपर्यंत काटा खाली आलेला असायचा, त्यामुळं अप्पारावांना वाकून पाहूनही काही कळायचं नाही. कावेरीबाई मनाशी म्हणायच्या, यात कुणाचं काय बिघडलं? माणूस जिवंत घरी येतोय.

पण अप्पाराव वकील होते. कारण सापडल्याशिवाय सोडणारे नव्हते. तेल का तापतं, हा एकच ध्यास त्यांनी घेतला. आधी जाड तेल घालून पाहिलं. मग कुठं तरी वाचून एरंडेल घातलं. शर्यतीच्या गाड्यांत म्हणे तेच वापरतात. गल्लीभर जळक्या एरंडेलाचा वास पसरला आणि शेजारच्या नर्मदाबाई नाकाला पदर लावून विचारायला आल्या, "काकू, घरात कुणाला जुलाब द्यायलाव का?" इंजिनाखालचा पत्रा वारा अडवतो म्हणून तो काढून टाकला. झाकणाला बाजूनं चिरा पाडल्या. तेल उपसून बोटांच्या चिमटीत धरून उन्हात पाहायचं, वास घ्यायचा, बन्सीधरशी घटकाघटका वाद घालायचा.

"वकीलसाहेब, तेल जळालेलं दिसत न्हाई हो," बन्सीधर म्हणायचा. "माझ्या इंजिनातलं बगा कसं काळं पडतं. हे तर सोन्यावानी हाय."

"अरे, काटा दोनशे वीस सांगायलाय, अन् तू मला रंग सांगतोस!"

कावेरीबाई उंबऱ्यात गहू निवडत हे ऐकायच्या. हात थांबायचे. सांगून टाकावं असं दोन-तीनदा मनात आलं. पण ते जेवायला बसले की आता बोलायचे. तेल, वारा, तांबं, शिसं, बोलतच राहायचे. मागून भाकरी घ्यायचे. कोर्टातून पडल्या चेहऱ्यानं आले तरी मोटारीपाशी गेले की खांदे सरळ व्हायचे. दुखणं खोटं होतं, पण त्या दुखण्याच्या इलाजात हा माणूस जगायला लागला होता. ते हातचं काढून घ्यायला कावेरीबाईंचा जीव झाला नाही.

दिवाळीनंतर अप्पारावांनी मुंजाजी तांबटाला बोलावलं. घागरी, हंडे, बंब घडवणारा माणूस. सगळ्या परभणीत त्याच्या हातचा बंब गळत नाही असा लौकिक. अप्पारावांनी त्याला कागदावर काढून दाखवलं. तांब्याची लांब नळी, वेटोळी करून मोटारीच्या नाकाशी बसवायची. गरम तेल इंजिनातून तिच्यात यायचं, वाऱ्यानं निवायचं, परत इंजिनात जायचं.

मुंजाजीनं डोकं खाजवलं. "साहेब, नळी करतो मी. पर बंब एका जागी बसलेला असतो. ही धावणार. खडीवर हादरे बसणार. डाग टिकंल का न्हाई, ह्येचं मला ठावं न्हाई." डाग म्हणजे जोडावर वितळवून दिलेलं शिसं.

"तू कर. मी हाय जिम्मेदार," अप्पाराव म्हणाले.

मुंजाजीनं जीव ओतून ते वेटोळं केलं. मोटारीच्या नाकाशी ते उन्हात असं चमकायचं, की पोरं बघायला यायची.

पहिल्या रविवारी कावेरीबाईंची पंचाईत झाली. तापतंच आहे म्हणावं, तर नवऱ्याचं एवढं कष्टाचं काम पाण्यात. निवलं म्हणावं, तर वेगाला लगाम कोण घालणार? बोरीपाशी अप्पारावांनी विचारलं, "किती?" आवाजात परीक्षेला बसलेल्या मुलाची धाकधूक होती. कावेरीबाईंच्यानं खोटं बोलवलं नाही.

"एकशे साठ," त्या म्हणाल्या.

अप्पारावांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "बगितलंस? बगितलंस का?" त्या दिवशी जिंतूरला थांबून त्यांनी बायकोला पेढे घेऊन दिले. परत येताना ते पूर्वी कधी पळवली नव्हती अशी मोटार पळवत होते. कावेरीबाई शाल मुठीत धरून बसल्या. पुढच्या खेपेपासून पुन्हा जुनंच सांगावं, असं त्यांनी ठरवलं.

पुढची खेप मार्गशीर्षात आली. थंडी होती. ज्वारी निसवली होती, कणसांवर दव होतं. झरी गेली, बोरीच्या अलीकडचा सरळ रस्ता आला. या पट्ट्यात मोटार नेहमी सुसाट जायची. कावेरीबाईंनी तबकडीकडे पाहिलं. एकशे सत्तर. आता दोनशे दहा म्हणावं, म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि काटा हलला.

तो खाली येत होता. एकशे साठ. एकशे पन्नास. एवढ्या वेगात काटा उतरताना त्यांनी कधी पाहिला नव्हता. मनात आलं, मुंजाजीचं वेटोळं खरंच गुणाचं. आणि आपण जो खोटाच ताप सांगत होतो तोही उतरला, आता एवढं थंड इंजिन असताना तापलं म्हणून कसं सांगावं?

"किती?" अप्पारावांनी वाऱ्यातून विचारलं.

"उतरायलाय," त्या म्हणाल्या. "एकशे तीस. अजून उतरायलाय."

"शाब्बास मुंजाजी!" अप्पाराव ओरडले आणि पाय तळापर्यंत दाबला.

शेतात एक बाई खुरपं उंचावून काहीतरी ओरडत होती. तिला दिसत होतं ते या दोघांना दिसत नव्हतं. मोटारीमागं रस्त्यावर तेलाची काळी रेघ उमटत चालली होती. वेटोळ्याचा डाग उकलला होता, इंजिनातलं तेल बाहेर सांडत होतं, आणि काट्याला जोडलेल्या बारीक नळीचं इंजिनातलं टोक जिथं तेलात बुडालेलं असायचं तिथं आता नुसती हवा होती. म्हणून तो उतरत होता.

आधी खडखडाट झाला, कुणी लोखंडी घमेल्यात दगड घुसळावेत तसा. मग एक मोठा आवाज झाला आणि इंजिन जागच्या जागी जाम झालं. मागची चाकं फरफटली. मोटार आडवी झाली, रस्ता सोडून उतारावरून ज्वारीत गेली आणि बांधावर आपटून उलटली.

कावेरीबाई बांधापलीकडच्या नांगरलेल्या ओल्या मातीत पडल्या होत्या. खांदा हलत नव्हता. थोड्या अंतरावर चाक अजून फिरत होतं. त्यांनी हाक मारली. उत्तर आलं नाही. मग कण्हणं ऐकू आलं.

शेतातली माणसं धावली. चौघांनी मोटार उचलून धरली, दोघांनी अप्पारावांना ओढून काढलं. बाजेवर घालून रस्त्यावर आणलं. जिंतूरहून येणाऱ्या मोटारबसनं परभणीच्या दवाखान्यात पोचवलं. कावेरीबाईंचं खांद्याचं हाड जुळलं. अप्पारावांचा उजवा पाय मांडीपासून काढावा लागला.

फाल्गुनात ते घरी आले. ओसरीवर पलंग घातला. मोडकी मोटार बैलांनी ओढून आणली होती. बन्सीधरनं ती तपासली आणि वेटोळ्याचा तुटलेला सांधा हातात आणून दिला. अप्पारावांनी तो उशाशी ठेवला. भेटायला येईल त्याला ते दाखवायचे.

"तांबटानं घात केला. तेल तापत होतं, मी इलाज काढला, इलाज बरोबर होता. काटा एकशे तीसवर आला होता, विचारा हिला. डाग कच्चा दिला त्यानं."

बन्सीधरनं एकदा काटा खरा का उतरला ते सांगायचा यत्न केला, तर त्याला त्यांनी बोलू दिलं नाही. वकिलाचा शब्द बाजारात गेला. मुंजाजीकडे बंब करायला येणारे थांबले. घागरीला ठिगळ लावायलासुद्धा लोक दुसऱ्या तांबटाकडं जायला लागले. एके दिवशी भाजी घेताना त्याची बायको चतुराबाई कावेरीबाईंना भेटली. म्हणाली, "बाई, त्यांनी भट्टी पेटवायचीच सोडली. हात कापायलेत म्हणतात. जेवत न्हाईत." कावेरीबाईंना तिच्याकडं पाहवलं नाही.

चैत्रात एका दुपारी मुंजाजी स्वतः आला. पायरीवर बसला. फेटा काढून मांडीवर ठेवला.

"साहेब," तो म्हणाला, "तुमचा पाय माझ्यामुळं गेला. शिक्षा काय ती सांगा. मी न्हाई म्हणायचा न्हाई."

अप्पाराव कुशीवर वळले. कोर्टात साक्षीदाराला धरावं तसं त्यांनी त्याला धरलं. "डाग देताना जोड घासला होतास? शिसं कुठलं? घाई केलीस ना? बोल." मुंजाजी प्रत्येक प्रश्नाला मान खाली घालून, "चुकलं असंल साहेब," एवढंच म्हणत होता. त्यानंच सुरुवातीला दिलेला इशारा तो स्वतःही विसरला होता.

कावेरीबाई आतून पाणी घेऊन आल्या होत्या. तांब्या त्यांच्या हातात तसाच राहिला.

"त्याला काही विचारू नका," त्या म्हणाल्या. "नळी लावायची गरजच नव्हती. तेल तापतच नव्हतं."

"काय?"

"मी वाढवून सांगायचे. वीस. कधी तीस-पस्तीस. दोनशेच्या वर काटा एकदाबी गेला न्हाई."

मुंजाजी एकदा वकिलाकडं, एकदा बाईंकडं पाहत राहिला. नवराबायकोच्या मध्ये आपण बसलोय हे त्याच्या ध्यानात आलं तसा तो उठला, फेटा काखेत मारला आणि निघून गेला.

अप्पारावांनी विचारलं, "मेंढरं आडवी आली त्या दिवशी किती होतं?"

"एकशे पंच्याऐंशी."

"साठच्या वर पळवली होती. भादव्याच्या उन्हात. अन् एकशे पंच्याऐंशी." त्यांच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं. "म्हंजे इंजिन ठीक होतं. चांगलंच होतं इंजिन." मग त्यांची नजर पांघरुणाच्या सपाट बाजूवर गेली आणि ती लकाकी विझली.

"भीती वाटत होती, तर मला सांगायचं होतंस," ते म्हणाले.

"सांगत होते," कावेरीबाई म्हणाल्या. "दर रविवारी सांगत होते. सावकाश चला म्हणून."

अप्पारावांनी भिंतीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी कावेरीबाई तांबटआळीत गेल्या. मुंजाजीच्या दारात उभं राहून, आळीतल्या बायका-माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, की डाग टिकेलच असं नाही हे यानं आधीच सांगितलं होतं, चूक आमच्या घरची. मुंजाजीनं भट्टी पेटवली. पण गिऱ्हाईक एकदा मोडलं की जुळत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला तो बिऱ्हाड घेऊन बायकोच्या माहेरी, चुडाव्याकडं निघून गेला.

मोटारीची चाकं आणि आस कुणीतरी बैलगाडीला लावायला नेली. बाकीचं लोखंड परसात गंजत राहिलं. अप्पाराव कुबड्या घेऊन टांग्यातून कोर्टात जायला लागले. फार दिवस नाही. एका तारखेला शब्द अडला, लोक वाट पाहत राहिले, ते मध्येच खाली बसले. नंतर गेलेच नाहीत. दारात येणाऱ्यांची खरेदीखतं लिहून द्यायचे.

बायकोशी त्यांनी भांडण काढलं नाही. रागाचा एक शब्द नाही. हवं-नको विचारलं की उत्तर द्यायचे. फक्त तिच्या सांगण्यावर काही मानणं त्यांनी सोडून दिलं. चार वाजले म्हटलं तर स्वतः घड्याळ पाहायचे. दार लावलंय म्हटलं तर कुबडी टेकत जाऊन कडी हलवून यायचे.

एका पावसाळ्यात त्यांना ताप भरला. कावेरीबाईंनी थर्मामीटर लावला, काढला, उजेडात धरला.

"एकशे दोन," त्या म्हणाल्या.

अप्पारावांनी पांघरुणातून हात पुढं केला. कावेरीबाईंनी थर्मामीटर त्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांशी नेला, फिरवून फिरवून पाहिला. तापानं हात थरथरत होता, पारा दिसत नव्हता. कावेरीबाई पलंगाशी उभ्या राहिल्या. नवऱ्याला दिसेपर्यंत त्यांना थांबायचं होतं.